मालमत्तेचा दावा फेटाळला गेला. त्याच न्यायालयाकडे फेरविचार मागता येतो का?

मुळशी तालुक्यातील जमिनीचे खरेदीखत रद्द व्हावे म्हणून पुण्यात दाखल केलेला आपला दावा फेटाळला गेला आहे, आणि त्याच न्यायालयाने त्यावर पुन्हा विचार करावा, असे आपण विचारले आहे. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात मी दिवाणी कामे चालवतो. माझे ठाम मत असे आहे की, दावा नेमका कोणत्या कारणाने गेला हे आदेशात आणि रोजनाम्यात (न्यायालयातील कामाची तारीखवार नोंद) वाचल्याखेरीज कोणताही अर्ज लिहायला घेऊ नये.

प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर, एवढ्याच कारणाने दावा काढून टाकला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९, नियम ९ प्रमाणे तो पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज त्याच न्यायालयात करता येतो. त्याच कारणावर नवा दावा मात्र लावता येत नाही, म्हणून हा अर्ज हलक्यात घेऊ नका. त्याची मुदत आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांची आहे, आणि आदेशाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस अपील व पुनर्विलोकन (त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासणे) यांच्या मुदतीतून वजा होतात, तसे ते येथे होत नाहीत. नकलेची वाट पाहत बसलेल्या पक्षकारांची मुदत टळते, याचे मला फार वाईट वाटते. मुदत टळली असल्यास विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा. गैरहजेरीचे कारण प्रतिज्ञापत्रावर तारखांसह सांगावे आणि आजारपण असेल तर डॉक्टरांचे कागद लावावेत. वकील हजर राहिले नाहीत म्हणून निरपराध पक्षकाराचे नुकसान होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने रफीक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) या प्रकरणात म्हटले आहे. परंतु स्वतः वर्षानुवर्षे चौकशीच न करणाऱ्याला त्याचा आधार मिळेलच, असे समजू नये. अर्ज नामंजूर झाला, तर त्या आदेशावर अपील चालते.

आदेश ७, नियम ११ खाली वादपत्रच (दावा मांडणारा मूळ अर्ज) नामंजूर झाले असेल, तर तो हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा औपचारिक निर्णय, मानला जातो आणि त्यावर अपील होते. मुदत शिल्लक असेल तर नवे वादपत्रही दाखल करता येते.

पुरावा होऊन गुणदोषांवर निकाल लागला असेल, तर त्याच न्यायालयाकडे उरतो तो कलम ११४ व आदेश ४७ खालील पुनर्विलोकनाचा अर्ज; त्याचीही मुदत ३० दिवसांची. पूर्ण काळजी घेऊनही आधी हाती न आलेला महत्त्वाचा पुरावा, किंवा कागदपत्रांवरून उघड दिसणारी चूक, अशा मोजक्याच कारणांसाठी तो आहे. साक्षीदारावर न्यायाधीशांनी विश्वास ठेवायला हवा होता, ही तक्रार अपिलाची आहे. तो अर्ज फेटाळला गेल्यास त्या आदेशावर अपील नाही, आणि तो प्रलंबित असल्यामुळे मूळ निकालावरील अपिलाची मुदत आपोआप थांबत नाही. जिल्हा न्यायालयात अपील करायचे असल्यास ती मुदत ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस असते. म्हणून बहुतेकांना मी सरळ अपिलाचाच सल्ला देतो.

दाव्यात मनाई हुकूम असेल, तर दावा गेल्याबरोबर त्याचे संरक्षणही जाते. त्यामुळे मुख्य अर्जासोबतच ‘जैसे थे’ स्थिती राखण्याचा अर्ज द्यावा, आणि दरम्यान जमिनीचा नवा व्यवहार झाला आहे का, हे पाहण्यासाठी नोंदणी कार्यालयातून सूची दोनचा (नोंदलेल्या व्यवहारांची सूची) शोध घ्यावा.