कंपनीत कुणालाच माहीत नाही की मी ख्रिस्ती आहे. विश्वास धैर्याने जगायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुम्ही राहुरीकडचे, नाशिकच्या अंबडला कारखान्यात लागून सात महिने झाले. आडनावावरून काही कळत नाही, म्हणून कुणी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, "धैर्याने साक्ष द्या" ऐकलं की मान खाली जाते.

मी त्याच अंबडमध्ये क्वालिटीत, म्हणजे माल तपासणीच्या खात्यात, सव्वीस वर्षं काढली. त्यातली पहिली चार वर्षं तुमच्यासारखाच गप्प होतो. मी काही पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही, तेव्हा वचनं कमी आणि कारखाना जास्त, असं हे उत्तर होईल.

आधी माझी चूक सांगतो. पावसाळ्याचे दिवस होते, गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही पाचसहा जण उभे होतो. पेपरात कुठल्याशा गावी प्रार्थनासभेवरून झालेल्या भांडणाची बातमी होती. एकजण म्हणाला, "पैसे घेऊन बाटतात हे लोक." मग माझ्याकडे बघून, "काय हो, खरं की नाही?" मी हसलो. नुसता हसून थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं, पण मी म्हणालो, "असेल बुवा, काय सांगता येतं." माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना मिळालं काय, तर भावकीने वाळीत टाकलं. हे मला लहानपणापासून पाठ. तरी "असेल बुवा". तेवढ्यात पाळीचा भोंगा वाजला. पेत्राच्या वेळी कोंबडा आरवला होता, माझ्या वेळी भोंगा.

येशूचा शिष्य पेत्र, येशूला पकडल्यावर भिऊन "मी त्याला ओळखत नाही" म्हणाला आणि कोंबडा आरवला, ती गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल, पण एक बारकावा बघा. शेकोटीपाशी लोक त्याला म्हणतात, तूही त्यांच्यातलाच, तुझ्या बोलीवरूनच कळतं. गालीलचा हेल लपत नव्हता. आपलं उलटं आहे. आपली बोली, आडनाव, जेवण, साडी नेसायची पद्धत, सगळं शेजाऱ्यासारखंच. लपायचं म्हटलं तर आपल्याला काहीच करावं लागत नाही, नुसतं गप्प बसलं की झालं. म्हणून आपला नकार आपल्याला नकार वाटतच नाही.

आणि तोच पेत्र म्हातारपणी पत्रात लिहितो की तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी विचारपूस करणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा. चर्चमधल्या संदेशात इथपर्यंत जोरात सांगतात. पुढचं अर्धं वाक्य बहुतेक वेळा गिळलं जातं: ते उत्तर "सौम्यतेने व भीडस्तपणाने" द्या. आपल्या मराठी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, शब्द आहे हा, भीडस्तपणा. एरवी मराठीत भीड ही भिकेची बहीण. इथे मात्र ज्या माणसाने शेकोटीपाशी भिऊन शपथा वाहिल्या, तोच सांगतोय की धीट व्हा पण भीड ठेवा. मला तरी यात विरोध वाटत नाही. भीती आपल्यासाठी असते, भीड समोरच्यासाठी. पहिली सोडायची, दुसरी नाही.

आता रिपोर्टची गोष्ट.

टपरीच्या प्रसंगानंतर वर्षभराने सहाशे नगांचा एक लॉट माझ्याकडे तपासायला आला. बोअर, म्हणजे आतलं भोक, वीस मायक्रॉन मोठा झाला होता; जो आत जाता कामा नये तो नो-गो गेज बऱ्याच नगांत सरळ आत जात होता. महिनाअखेर होती, गाडी गेटवर उभी. वरिष्ठ म्हणाले, "रीडिंग टाकून दे, गिऱ्हाईक कुठे मोजत बसतंय." मला वाटतं असे प्रसंग तुम्हाला सात महिन्यांत एकदोनदा आलेही असतील. "होय तर होय, नाही तर नाही" हे डोंगरावरच्या प्रवचनातलं वाक्य त्या वेळी डोक्यात होतं असं सांगितलं तर शोभून दिसेल, पण खरं म्हणजे डोक्यात फक्त हे होतं की टपरीवर एकदा खोटं बोललोय, आता पुन्हा नको. मी म्हणालो, "मी सही करत नाही. तुम्हाला पाठवायचं तर तुमच्या सहीने पाठवा." आवाज नीट निघाला नाही. त्यांनीही सही केली नाही. लॉट थांबला.

बक्षीस म्हणून तीन महिने रात्रपाळी मिळाली. देवाने पुढे माझी बढती करून त्यांना लाज आणली वगैरे काही झालं नाही. साक्षीच्या सभेत अशा गोष्टींना शेवटी एक चमत्कार जोडायची पद्धत असते, ती मला पटत नाही.

झालं ते एवढंच. रात्रपाळीतला एक ऑपरेटर, सिन्नरकडचा, एके रात्री चहा पिताना म्हणाला, "साहेब, तुम्ही माळकरी आहात का? माळ दिसत नाही, पण दारू नाही, शिवी नाही, आणि त्या रिपोर्टचं पण ऐकलं." मी म्हणालो, "नाही, मी ख्रिस्ती आहे." चार वर्षं दाबून ठेवलेलं वाक्य असं सहज बाहेर पडलं. तो म्हणाला, "असं होय," आणि दुसरा चहा ओतला. मग त्याने विचारलं की तुमच्यात उपवास असतात का. तासभर बोललो. त्याने मला वारीचं सांगितलं, मी त्याला लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस सांगितले.

त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. आपल्याकडे माळकरी माणूस किती उघडपणे जगतो बघा. गळ्यात माळ, कपाळी बुक्का. पार्टीत कुणी आग्रह केला तर तो "मी माळकरी आहे" एवढंच म्हणतो. कुणाला राग येत नाही. उलट आग्रह करणाराच ओशाळतो. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या नाशकातून त्र्यंबककडे जातात, तेव्हा आमच्या कारखान्यातले दोघेतिघे रजा टाकून पायी निघायचे आणि साहेब लोकही त्यांना हात जोडायचे. तो माळकरी कुणाला कमी लेखत नाही, कुणाला ओढत नाही, आणि लपतही नाही. मी धैर्य शिकलो ते देवळात थोडं आणि या माळकऱ्यांकडून जास्त. आमच्या पाळकांना हे एकदा सांगितलं तर त्यांनी भुवया उंचावल्या, पण नाही म्हणाले नाहीत.

तुमचा पुढचा प्रश्न खंडेनवमीचा असणार, कारण अंबड-सातपूरमध्ये प्रत्येक ख्रिस्ती कामगाराचा तो असतो. लेथला झेंडूचे हार, व्हीएमसी मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक, सगळ्यांनी मिळून आरती, मग प्रसाद. उभं राहायचं की शौचालयात जाऊन बसायचं? (हसू नका, मी एक वर्ष बसलोय.)

नामानाची गोष्ट यासाठी वाचा, बायबलातल्या दुसऱ्या राजांच्या पुस्तकात पाचव्या अध्यायात आहे. अरामाच्या राजाचा हा सेनापती बरा झाल्यावर परमेश्वराला मानतो, पण नोकरी राजाची. राजा रिम्मोनाच्या देवळात जाणार, याच्या हातावर टेकणार, यालाही वाकावं लागणार. तो अलीशा संदेष्ट्याला आधीच विचारून ठेवतो, एवढ्याची मला क्षमा होईल का? संदेष्टा त्याला फटकारत नाही, नोकरी सोड म्हणत नाही. "शांतीने जा" म्हणतो. माझा निर्णय असा की मी आदल्या संध्याकाळी सगळ्यांबरोबर मशीन पुसतो, माझे गेज, सरफेस प्लेट तेल लावून स्वच्छ ठेवतो, आरतीला मागे उभा राहतो. हळदकुंकू लावत नाही, ओवाळत नाही. प्रसादाबद्दल आमच्या मंडळीतच, म्हणजे चर्चच्या लोकांतच, दोन मतं आहेत, आणि करिंथच्या मंडळीतही होतीच. त्यांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो मूर्ती म्हणजे काही नाही, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर त्याच्यासाठी खाऊ नका. मी घेत नाही. पहिल्या वर्षी हे सांगताना मला घाम फुटला होता. आता आमचा तो सिन्नरवाला पूजेला ठेवायच्या आधीच पुड्यातून दोन पेढे काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. "तुमचे अलगद काढलेत." मला नाही वाटत पौलालासुद्धा ही युक्ती सुचली असती. तुमचा निर्णय माझ्याहून वेगळा झाला तर खुशाल होऊ द्या, फक्त तो प्रार्थना करून घेतलेला असावा, घाबरून घेतलेला नको.

छोट्या गोष्टी भराभर सांगतो. डब्याआधी डोळे मिटून प्रार्थना करा, लांबवू नका. पहिल्या दिवशी मला शेजारच्याने विचारलं होतं, "चक्कर येतेय का?" दिवाळीत तुम्ही पाळी करा, नाताळ आणि गुड फ्रायडेला ते तुमची करतील, हा सौदा कुठेही जमतो. नाताळचा फराळ डबाभर न्या. करंजी, शंकरपाळी, चकली बघून "हे तर आमचंच" म्हणतील, म्हणू द्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज वचन टाकणं म्हणजे धैर्य नव्हे, त्याला फार तर बोटाची हालचाल म्हणता येईल. एखाद्याची आई सिव्हिलला भरती असेल तर आधी रात्री तिच्या उशाशी बसा. "प्रार्थना करू का?" हे मग विचारा, आणि नको म्हणाले तर नको.

एक नाजूक गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या, ख्रिस्तींना नाही. म्हणून कित्येक घरांत कागद एक सांगतो आणि रविवार दुसरं. तुमच्या घरी तसं असेल तर त्या ओझ्यावर मी इथे बसून दगड मारणार नाही. मुलीच्या फीसाठी तळमळणाऱ्या बापाला धैर्याचे धडे देणारे लोक बहुधा स्वतः फी भरू शकणारे असतात. पण कागदाचा प्रश्न आणि टपरीवरचा प्रश्न एक नाही, एवढं मात्र म्हणेन. घरच्यांशी बोला, पाळकांशी बोला, एकट्याने कुढू नका.

कायद्याची भीती असेल तर, संविधानाच्या कलम २५ ने धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय. प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलंय. "मी ख्रिस्ती आहे" म्हणण्याला कुणाचीही परवानगी लागत नाही. पैसा, नोकरी, औषध यांचं आमिष दाखवणं कायद्याच्या आधी शुभवर्तमानालाच सोडून आहे.

आणि नाशिकमध्ये स्वतःला पाहुणा समजू नका. सुट्टीच्या दिवशी शरणपूर रोडला जा. आता दोन्ही बाजूंना शोरूम आहेत, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिशनने वसवलेलं ख्रिस्ती गाव होतं ते, शरण आलेल्यांचं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकली. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी ते शव कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत आणलं. पुढे १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत अंत्ययात्रेच्या मानकऱ्यांमध्ये आपल्या शरणपूरचा हा विद्यार्थी होता.

लक्ष्मीबाई टिळक तर इथल्याच, जलालपूरच्या, जन्म १८६८. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. पुढे त्याच्याजवळ राहायला आल्या तरी सोवळंओवळं सुटलं नव्हतं. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला, त्यांना पटला तेव्हा. मधली पाच वर्षं त्यांनी लपवली नाहीत, स्मृतिचित्रांमध्ये, म्हणजे आपल्या आत्मचरित्रात, स्वतःच्या हट्टाला हसत हसत सगळं लिहून ठेवलं. तुमचे सातच महिने झालेत.

तेव्हा उद्या जाऊन कँटीनमध्ये उभं राहून घोषणा करू नका. सोमवारी सकाळी कुणीतरी विचारतंच, "काय, रविवारी काय केलं?" आत्तापर्यंत तुम्ही "काही नाही, झोपलो" म्हणत असाल. या सोमवारी "देवळात गेलो होतो" म्हणा. "कुठल्या?" असं आलं तर "चर्चमध्ये, मी ख्रिस्ती आहे" म्हणा. हे नाशिक आहे. पुढचा प्रश्न बहुतेक "आणि मिसळ कुठे खाल्ली?" हाच येईल.