सीडी३४ दिसलं म्हणजे स्टेम सेल वाढली असं नाही

रक्ताच्या स्टेम सेलबद्दल एकच गोंधळ पुन्हा पुन्हा येतोय, म्हणून एकदाच उत्तरं देते. (सीडी३४, सीडी३८ वगैरे म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरच्या, त्या ओळखायच्या खुणा.)

प्रश्न: मॅडम, कॉलनी (एकेका पेशीपासून लॅबमध्ये वाढलेले पुंजके) किती दिवसांनी मोजायच्या?

साधारण १४ दिवसांनी, पण किटवरचं पत्रक वाचा.

प्रश्न: सात दिवसांत पेशी खूप वाढल्या आणि बऱ्याच अजून सीडी३४ पॉझिटिव्ह आहेत. थिसिसमध्ये ‘स्टेम सेल वाढल्या’ लिहू का?

अजिबात नको! सीडी३४ खऱ्या स्टेम सेलवर असतं तसंच पुढे निघालेल्या प्रोजेनिटरवरही (स्टेम सेलपासून झालेल्या, अजून पक्व न झालेल्या पेशींवरही) असतं, आणि खऱ्या त्यात मूठभरच. त्यात कल्चरमध्ये सीडी३८ आपोआप उतरतं, म्हणजे ताज्या रक्तात चालणारं ‘३४ आहे, ३८ नाही’ हे गणित सातव्या दिवशी फसवतं, तेव्हा सीडी९० आणि सीडी४५आरए पण लावा. आणि एकाच दिवसाचा फ्लो (फ्लो सायटोमेट्री, म्हणजे खुणांवरून पेशी मोजायची तपासणी) काढून डिफरन्शिएशन, म्हणजे पेशींचं पक्व होत जाणं, ट्रॅक केलं म्हणू नका, दर दोन-तीन दिवसांनी सॅम्पल घ्या, टक्क्यांबरोबर एकूण पेशी मोजा, मेलेल्या पेशी डाय लावून बाजूला काढा. सुरुवातीलाच सीएफएसई हा चमकणारा रंग लावला तर दर विभाजनाला चमक निम्मी होते, मग कोण किती वेळा विभागलं ते कळतं. लाल पेशींकडे जाणाऱ्यांत सीडी७१ आधी चढतं, ग्लायकोफोरिन ही लाल पेशींची खूण नंतर, हा क्रम एका दिवसात दिसणारच नाही. सीडी४१ दिसलं की लगेच मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणारी पेशी) म्हणू नका, चिकटलेल्या प्लेटलेटही तेच दाखवतात. स्टेम सेल असल्याचा पुरावा त्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात सोडूनच मिळतो, तोही काही महिन्यांनी, आणि त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी आधी लागते. लिहिण्याआधी फ्लो फॅसिलिटीतल्या माणसाबरोबर बसून डेटा बघा.

प्रश्न: फ्लोमध्ये आयसोटाइप कंट्रोल (खूण न ओळखणारी, फक्त तुलनेसाठीची अँटिबॉडी) पुरे ना? सीनियर तसंच सांगतात.

नाही. गेट, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधली रेषा, ठरवायला एफएमओ (एक रंग सोडून बाकी सगळे लावलेलं सॅम्पल) लावा.

प्रश्न: सहावा महिना चालू आहे. बँकवाले म्हणतात बाळाच्या नाळेचं रक्त ठेवा, पुढे लॅबमध्ये हव्या तेवढ्या स्टेम सेल वाढवता येतील. पैसे भरू का?

‘हव्या तेवढ्या’ हे विकायचं बोलणं आहे. नाळेच्या रक्तातून लॅबमध्ये वाढवलेलं ओमिडुबिसेल अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं, पण ते रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी आणि दुसऱ्याच्या नाळेच्या रक्तापासून. बाळाला थॅलेसेमिया निघाला तर त्याच्या स्वतःच्या साठवलेल्या पेशींतही तोच दोष असणार. आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) पण खासगी बँकेत असंच ठेवून द्यायची शिफारस करत नाही. घरात मोठ्या भावंडाला रक्ताचा आजार असेल तर मात्र गोष्ट वेगळी, मग सातवा-आठवा करत थांबू नका, याच आठवड्यात हेमॅटॉलॉजिस्टना भेटा.