डिग्री मिळेल, पण कोर्टात उभी कशी राहू?

लॉच्या शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांची चिंता एकच असते: "मॅडम, पास होऊ, पण वकिली काही येत नाही." ही मुलगीही त्यासाठीच आली होती. सोबत आई होती, आणि बोलायला सुरुवात आईनेच केली. "माझा भाचा डॉक्टरकीच्या शेवटाला पेशंट तपासत होता. हिने तीन वर्षांत एक अशील जवळून पाहिला नाही. मग फी भरली ती कशाची?"

मुलगी बी.कॉम. करून एलएल.बी.ला आलेली, शाळा मराठी माध्यमाची, घरात कोणी वकील नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गुण चांगले होते. तिने मनाशी एक तोडगाही काढून ठेवला होता: वकिलीच्या वाटेलाच जायचं नाही, निकाल लागला की थेट जेएमएफसीचा, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा अभ्यास करायचा. हा बेत मला आधी मोडावा लागला. त्या परीक्षेतून मिळणाऱ्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली आहे. ऐकून तिचा चेहरा उतरला. पण कोर्टाची धास्ती घेऊन न्यायाधीशाच्या खुर्चीकडे पळणं तिच्याही हिताचं नव्हतं आणि तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या पक्षकारांच्याही नाही.

मग मी आईच्या प्रश्नाकडे वळले, कारण तो रास्त होता. मेडिकल कॉलेजला स्वतःचं रुग्णालय असतं. लॉ कॉलेजला कोर्ट नसतं. शिवाय ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ प्रमाणे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात आल्याशिवाय अशिलातर्फे कोर्टात उभं राहता येत नाही, त्यामुळे विद्यार्थ्याने शिकता शिकता केस चालवावी अशी सोयच नाही. ही उणीव ओळखूनच बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांत प्रात्यक्षिकाचे चार पेपर सक्तीचे केले आहेत. एकात दावे, अर्ज, कैफियत, खरेदीखत वगैरेंचा मसुदा करायचा. एक व्यावसायिक नीतीचा, एक तडजोड-मध्यस्थीचा. चौथ्यात मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटुपुटीचा खटला), एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बसून पाहणं, आणि वकिलाच्या ऑफिसात किंवा विधी सहाय्य केंद्रात अशिलाची मुलाखत कशी घेतात ते पाहून जर्नलमध्ये नोंदवणं. त्याशिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे.

"तुझं जर्नल आणलंस का?" मी विचारलं.

ती आईकडे बघून हळूच म्हणाली, "आधीच्या बॅचच्या मुलीचं उतरवलं, मॅडम. सगळेच उतरवतात." इंटर्नशिपचं सर्टिफिकेट ओळखीच्या वकिलांकडून आलं होतं.

तिच्या भीतीचं मूळ मला तिथे सापडलं. जर्नल देखणं होतं, लाल शाईच्या समासासकट. दिवाणी खटल्याच्या पानांवर तारखा होत्या, पक्षकारांची नावं होती, साक्षीदार होते, आणि यांतलं काहीही तिने पाहिलेलं नव्हतं. आपल्याकडे जे नाही ते आहे असं लिहून दिल्याचं ओझं हुशार मुलांना जास्त होतं. मी हे केवळ मुलांच्या माथी मारत नाही. वर्षानुवर्षं तीच पानं तपासून सही करणाऱ्या कॉलेजांना काय चाललंय ते कळतं, आणि मला त्याचा खरोखर राग येतो. कोर्ट चार पावलांवर असताना मुलांना तिथे न नेणं म्हणजे त्यांच्या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग परस्पर कापून टाकणं आहे.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. जर्नल पुन्हा करायचं, यावेळी गुणांसाठी नाही. कॉलेजातल्याच एका सरांनी तिला तालुका कोर्टातल्या दिवाणी वकिलांकडे पाठवलं. सकाळी ऑफिस, मग कोर्ट. बोर्डावरचा आपला नंबर बघायचा, पुकारा झाला की उठायचं, रोजनाम्यात काय आलं ते वाचायचं, नकलेचा अर्ज कुठे देतात ते पाहायचं. आणि रोज रात्री एक पान: आज काय समजलं, काय नाही.

पहिल्या काही पानांवर "काय नाही" हेच जास्त होतं. पुरशिस म्हणजे काय? एक्झिबिटला निशाणी क्रमांक कोण देतं? सरतपास (आपल्याच साक्षीदाराची पहिली तपासणी) तोंडी का झाला नाही, नुसतं शपथपत्र का आलं? (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ मध्ये ते आहे, आणि तिने ते परीक्षेला वाचलंही होतं.)

मग एका पानावर हा प्रसंग आला. ऑफिसात एक बाई आल्या. नणंदेच्या नवऱ्याला उसने पैसे दिले होते, ते परत मिळत नव्हते. नाव-गाव तिने मला सांगितलं नाही, नीतीचा तो धडा तिने बरोबर घेतला होता. बाई लग्नापासूनची हकिकत सांगत होत्या, मधेच रडत होत्या. वकीलसाहेब फोनवर होते. मुलीने ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "काकू, पैसे दिले ती तारीख आठवते?" तारीख निघाली. दावा लावायची तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. ती पुढे म्हणाली, "मधे त्यांनी थोडे तरी परत दिले का? त्याचं त्यांच्या हातचं काही लिहिलेलं आहे?" बाईंनी पर्समधून घडी घातलेली चिठ्ठी काढली. दहा हजार परत दिल्याची, खाली सही, आणि तारीख मूळ तीन वर्षांच्या आतली. म्हणजे त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजता येणार होती. वकीलसाहेबांनी फोन ठेवला आणि चिठ्ठी हातात घेतली.

मी तिला विचारलं, "हे प्रश्न तुला कोणी शिकवले?"

"कोणी नाही… म्हणजे, लिमिटेशन ॲक्ट, मुदतीचा कायदा, होता ना आम्हाला."

हेच तिला तीन वर्षांत मिळालं होतं आणि तिला ते दिसत नव्हतं. माणूस दुःख सांगतो, त्यातून कायद्याला लागणारी गोष्ट वेचून काढायची. ही नजर वर्गातच तयार होते, निकालपत्रं वाचून, "यात मुद्दा काय?" या प्रश्नाशी पुन्हा पुन्हा झगडून. अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा हे कोर्टात काही आठवड्यांत कळतं. ही नजर तशी येत नाही. म्हणून "कॉलेजात काहीच शिकवत नाहीत" हे मला पटत नाही. अर्धं शिकवतात. उरलेलं अर्धं ज्या पेपरांतून यायचं ते आपण उतरवून काढतो.

इंग्रजीचीही तिला धास्ती होती. आपल्याकडे तालुका आणि जिल्हा न्यायालयांचं बरंचसं कामकाज मराठीत चालतं, तिथे तिची भाषा हीच तिची जमेची बाजू आहे. उच्च न्यायालयात जायचं तर इंग्रजी लागेलच, पण त्याची सुरुवात रोज एक निकाल वाचून होते. वकिलीसाठी द्यावी लागणारी ऑल इंडिया बार एक्झाम मराठीतूनही देता येते आणि तिथे टीपा नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर वकील म्हणून नोंदणीसाठी खुल्या वर्गाला ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे ऐकून आईच्या जिवात जीव आला. तिने हजारोंचे आकडे ऐकले होते.

पैशाबद्दल मात्र मी दोघींना गोड बोलले नाही. सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीची असतात. बार कौन्सिलने २०२४ मध्ये ज्युनियरला ग्रामीण भागात महिना किमान १५,००० रुपये देण्याची शिफारस केली. ती शिफारसच आहे, बंधन नाही, आणि बऱ्याच ऑफिसांत त्याच्या जवळपासही मिळत नाही. घरातून किती काळ आधार मिळेल हे आत्ताच बोलून घ्या, असं मी सांगितलं. आईने तिथेच दोन वर्षं कबूल केली.

सीनियर कोण निवडायचा यावर आम्ही बराच वेळ बोललो. माझ्या मते एक प्रश्न आधी विचारावा: मी केलेला मसुदा कोण तपासणार? तिच्यापुढे दोन ऑफिसं होती. एकात पैसे बरे, पण काम तारखा घेण्याचं. दुसऱ्यात पैसे कमी, पण वकीलसाहेब ज्युनियरचा मसुदा समोर बसवून ओळीओळीने दुरुस्त करतात. तिने दुसरं घेतलं. त्या चिठ्ठीवाल्या बाईंच्या दाव्याचा पहिला मसुदा तिनेच केला, आणि तो निम्म्याहून जास्त खोडून परत आला, असं तिने मला फोनवर उत्साहाने सांगितलं.