काजूच्या बागेतला पातेरा आणि पाठीवरचा ब्लोअर

प्रश्न (राजापूर तालुका): उतारावर दोन एकर काजू आहे. बी पडायच्या आधी पातेरा, म्हणजे गळलेली वाळकी पानं, झाडायला गडी मिळत नाही. पेट्रोलवरचा पाठीवरचा ब्लोअर घ्यावा म्हणतेय. दुकानदार सर्वांत मोठा, ७५ सीसीचा दाखवतो. तोच घेऊ का?

प्रश्न (गुहागर तालुका): घरापुढचं खळं आणि वीसेक माडांची वाडी आहे. मलाही तो उपयोगी पडेल का?

उत्तर:

ताई, तुमच्या बागेला ब्लोअर नक्की कामाचा आहे, पण ७५ सीसीचा घेऊ नका. एवढं मोठं मशीन रिकामंच दहा किलोच्या पुढे जातं, वर पेट्रोलचं वजन. कातळाच्या उतारावर ते पाठीला लावून दोन तास चाललं की कंबर बोलायला लागते. शिवाय पूर्ण वेगात टाकी तासाभरात रिकामी होते. दोन एकरांना ५० ते ६५ सीसी पुरे.

सीसीपेक्षा वाऱ्याचा आकडा बघा. दुकानात वेग सांगतात, ताशी इतके किलोमीटर म्हणून. वेगाने चिकटलेलं पान सुटतं, पण ढीग पुढे सरकतो तो हवेच्या घनफळावर. ते ताशी १००० घनमीटरच्या वर असावं. माहितीपत्रकात सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट, दिलं असेल तर १.७ ने गुणा. आणि आकडा नळीच्या तोंडाशी मोजलेला आहे का, हे आवर्जून विचारा. नळी न लावता मोजला तर तो फुगलेला दिसतो.

घेण्याआधी टाकी भरून पाठीवर चढवा आणि दुकानासमोर दहा मिनिटं चाला. पट्टे खांद्यात रुततात का, सायलेन्सरची धग अंगाला लागते का, दोरी एकट्याने ओढता येते का, हे तिथेच कळतं. सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी हवीच. दोरी, प्लग, कार्ब्युरेटरचा पडदा जवळच्या बाजारात मिळत नसेल, तर कितीही चांगलं मशीन मार्चमध्ये पडवीत पडून राहील.

आंब्यावर फवारायचा पाठीवरचा पेट्रोल पंप घरात किंवा शेजाऱ्याकडे असेल, तर आधी तो वापरून बघा. औषधाची टाकी स्वच्छ धुऊन रिकामी ठेवली की तोही नुसता वारा देतो. जोर कमी असतो, पण आपल्याला खरंच किती लागतो याचा अंदाज येतो.

आता वापर. सकाळी दव असतं, पानं जमिनीला चिकटून बसतात. दुपारी खारं वारं सुटलं की झाडलेला पातेरा परत येतो. म्हणून दव सुकल्यापासून वारा उठेपर्यंतचे दोन-तीन तास खरे कामाचे. वरच्या गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, सुरुवात करून उताराने खाली या, म्हणजे पातेरा झाडांच्या आळ्यांत आपोआप अडकत जातो. बुंध्याभोवती फूटभर जागा मात्र मोकळी ठेवा. खोड पोखरणाऱ्या रोठा किडीचा भुसा तिथेच पडतो. पातेऱ्याखाली झाकला गेला तर कीड खोडात खोल गेल्यावरच कळते. बी पडायला लागल्यावर वारा हळू ठेवा, पानं उडतात, बी जागेवर राहते.

आणि एक कळकळीची विनंती. गोळा केलेला पातेरा पेटवू नका. तुमच्या उताराला तो म्हणजे खत, आणि उन्हाळ्यात ओल धरणारं पांघरूण. वणव्यात होरपळलेल्या काजूच्या बागा मी बघितल्यात. पाच-सहा वर्षं वाढवलेली झाडं एका दुपारी काळी पडलेली बघवत नाहीत. गडग्याच्या आतून दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून, पानं उडवून मोकळा ठेवा. वनखातंही जाळरेषा साफ करायला असेच ब्लोअर वापरतं. माझ्या मते या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग तोच.

म्हणूनच पेट्रोल भरताना जपा. गरम इंजिन कोरड्या पानांवर टेकवायचं नाही. मशीन बंद करून दहा मिनिटं थंड होऊ द्या, मोकळ्या कातळावर ठेवा, मगच भरा. टू स्ट्रोक इंजिनाला ऑइल लागतंच. पुस्तिकेत २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजाने ओतलेल्या ऑइलने पिस्टन जाम होतात. कानात बोळे आणि डोळ्यांना चष्मा पाहिजे, जांभ्याचे खडे गोळीसारखे उडतात.

गुहागरच्या दादांना मात्र मी घेऊ नका म्हणेन. झावळ्या वाऱ्याने हलत नाहीत, त्या हातानेच ओढायच्या. शिंपण केलेल्या वाडीतली ओली पानंही नीट उडत नाहीत. खळ्याला हिरांचा खराटा बरा.

ताई, हंगाम संपला की मृगाआधी एक काम चुकवू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते आपल्या दमट हवेतली ओल ओढून घेतं. टाकी पूर्ण उपसा, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. एअर फिल्टर झटकून साफ करा आणि मशीन चुलीपासून लांब, कोरड्या माळ्यावर ठेवा.