नव्याने आलेल्या मॉडेलची जेमतेम वापरलेली गाडी मिळतेय, तेवढ्याच पैशात जुन्या मॉडेलची शेवटच्या वर्षातलीही आहे. कुठली घ्यावी?

जुन्या मॉडेलची. नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षातली तर मुळीच नको.

हा वाद आमच्या घरात फार गाजलाय. थोरला भाऊ आणि मी एकाच सुमारास सेकंडहँड गाडी बघत होतो. दादाला नुकतंच आलेलं मॉडेल मिळालं. रीडिंग नगण्य, भली मोठी स्क्रीन, ऑटोमॅटिक. मी बंद होऊ घातलेल्या मॉडेलची मॅन्युअल गाडी घेतली. दादा चारचौघांत म्हणाला, "हिला गाड्यांतलं काय कळतं?" मी एवढंच विचारलं होतं, की इतकी कमी चाललेली गाडी पहिला मालक का विकतोय?

थोड्याच दिवसांत त्याची गाडी ट्रॅफिकमध्ये हिसके द्यायला लागली. सर्व्हिस सेंटरवाले दरवेळी सॉफ्टवेअर अपडेट करून "या गाडीचं हे नॉर्मलच आहे" म्हणत परत पाठवायचे. मग क्लच बदलला, तरी तेच. त्याहून वाईट म्हणजे पार्ट बाहेर कुठे मिळेनात आणि नेहमीच्या मेकॅनिकने तो गिअरबॉक्स कधी उघडलेलाच नव्हता. एका सेन्सरसाठी गाडी आठवडेच्या आठवडे उभी. तोवर वहिनी माझीच गाडी न्यायची.

दादा म्हणतो, नशीब खराब. नशिबाचा काय संबंध? कंपनीने कितीही चाचण्या घेतल्या तरी गाडी हजारो लोकांच्या हाती पडल्यावरच काही दुखणी बाहेर येतात. फोर्डच्या फिएस्टा आणि फोकसमधला ड्राय क्लचचा (म्हणजे क्लच तेलात न बुडवलेला) पॉवरशिफ्ट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आठवा. थरथरण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं. काही दोष तर आणखी उशिरा कळतात. प्यूजो-सित्रोएनच्या १.२ लिटर प्यूरटेक इंजिनाच्या आधीच्या आवृत्त्यांत टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) तेलात फिरतो. त्याचं रबर सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं आणि तेलाचा दाब पडतो. वर्षभर चाललेल्या गाडीत हे तुम्हाला दिसणारही नाही. जुन्या मॉडेलची दुखणी मात्र एव्हाना प्रत्येक मेकॅनिकला पाठ असतात, आणि शेवटच्या वर्षातल्या गाड्यांत बरीचशी दुरुस्तही झालेली असतात.

तरी नवीनच हवी असेल तर आधी तिच्यात नक्की काय नवीन आहे ते बघा. जुनंच इंजिन, जुनाच गिअरबॉक्स आणि वर नवी बॉडी असेल तर धोका पुष्कळ कमी. इंजिन किंवा गिअरबॉक्स नवा असेल तर उत्पादनाचा महिना बघा आणि पहिल्या लॉटची सोडून द्या. चासी नंबरवर रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं) निघालाय का आणि काम झालंय का, तेही तपासा. इंजिन थंड असतानाच गाडी बघायला जा, काही दोष थंड इंजिन सुरू करतानाच कळतात. बॉनेट आधीच गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी (फॉल्ट कोड) वाचणारा स्कॅनर लावून घ्या. हे कोड नुकतेच पुसले असतील तर गाडी स्वतःच्या करत असलेल्या चाचण्या अपूर्ण दिसतात, त्यावरून विकणाऱ्याच्या लबाडीची शंका घ्यायला जागा असते.

एक मात्र आहे. जुन्या मॉडेलमध्ये ईएससी (गाडी घसरायला लागली तर सावरणारी यंत्रणा) आणि बाजूच्या एअरबॅग्ज नसतील आणि नव्यात असतील, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. तेव्हा नवंच मॉडेल घ्या, पण बाजारात दोन-तीन वर्षं मुरल्यानंतरचं.

आणि सर्व्हिस हिस्टरी पैसे देण्याआधी मागा. दादाला मी हे सांगितलं होतं, त्याने "एवढ्या नव्या गाडीची कसली हिस्टरी" म्हणून उडवून लावलं. नंतर ती काढली तेव्हा पहिल्या मालकाची गिअरबॉक्सची तक्रार त्यात नोंदलेली होती. हिसक्यांचीच.