माकड मेल्याची बातमी कुणाच्या बीटची?

कोल्हापूर

प्रिय मुली,

गावात तापाचे दहा-बारा रुग्ण निघाले, आजाराचं नाव कळलेलं नाही, तर बातमी केवढी लावायची, असं तू विचारलंस. केवढी ते डेस्क ठरवेल. तू आधी आपल्याच पेपरच्या फायली चाळ. ती बातमी दुसऱ्या कुठल्या तरी पानावर येऊन गेली असण्याची शक्यता दाट.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासची माणसं तापानं फणफणली, तेव्हा माकडताप ओळखला गेला. २०१६ मध्ये तोच आपल्या चंदगडला लागून असलेल्या दोडामार्गात पसरला. गोचीड चावून होणारा हा ताप. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे ऐन काजूचा. आता समज, चंदगडच्या वार्ताहरानं ‘वानर मृतावस्थेत आढळले’ अशा चार ओळी पाठवल्या. त्या जाणार वनखात्याच्या बीटकडे, म्हणजे त्या खात्याच्या बातम्या बघणाऱ्या वार्ताहराकडे, आणि तापाचे रुग्ण आरोग्याच्या बीटकडे. दोघं रोज एकाच टपरीवर चहा पितात, पण हा विषय निघत नाही. तो तू काढायचास.

इचलकरंजीतली २०१२ची कावीळ तू शाळेत असताना ऐकली असशील. ती हेपॅटायटिस ई या विषाणूची होती. तो दूषित पाण्यातून होतो आणि लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे जातात. म्हणून अशा साथीत दवाखान्यात खाटा भरल्या, की त्या दिवसाचं पाणी तपासून भागत नाही. महिना-दीड महिन्यापूर्वीच्या शहर पानावर बघायचं: कुठल्या गल्लीनं नळाला वास येतो म्हणून ओरड केली होती, गटारीतून जाणारी पाइप कुठं फुटली होती. आणि गरोदर बायका किती, हे डॉक्टरांना पहिल्यांदा विचार. त्यांच्या जिवाला यात सगळ्यात जास्त धोका असतो.

नुसता आकडा आणू नकोस. गेल्या वर्षी याच महिन्यात किती रुग्ण होते? यातले संशयित किती, तपासणीत निश्चित झालेले किती? नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले असतील तर कोणत्या तारखेला? साहेब ‘परिस्थिती नियंत्रणात’ म्हणाले तर ते छाप, पण तारखेचं उत्तर मिळालं नाही हेही खाली लिही. रुग्णाचं नाव नको. ‘अमुक वाडीतला काजू बागायतदार, तीन मुलींचा बाप’ असंही नको, वाडीला तेवढं पुरतं.

अहवाल निगेटिव्ह आला तर तीही बातमी त्याच पानावर, तेवढीच दे. ‘यात बातमी काय?’ म्हणून डेस्क कुरकुरेल. त्यांच्याशी भांडण तुझं तू कर, मी रिटायर झालोय.

तुझा,
सर