थाई लिपी न शिकता बँकॉकमध्ये कायम राहता येईल का?

नोकरीनिमित्त बँकॉकला आलेल्या माणसाने थाई लिपीच्या वाटेस न जाता, केवळ रोमन अक्षरांतल्या पुस्तकांवरून कामापुरते बोलणे शिकले तर कायम वास्तव्यासाठी ते पुरेल का, आणि त्यास किती महिने लागतील, असे तुम्ही विचारले आहे. पुरणार नाही. मराठी माणसाने हा प्रश्न विचारावा याचेच मला नवल वाटते, कारण ज्या लिपीपुढे इतर परदेशी लोक हात टेकतात, तिची मांडणी आपण पहिलीतच पाठ केलेली असते.

थाई वर्णमालेत ४४ व्यंजने आहेत. त्यांपैकी दोन आता वापरात नाहीत, आणि उरलेल्यांचा क्रम कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग असाच आहे. फरक इतकाच की ग आणि घ यांच्या जागची अक्षरे आज ख अशी उच्चारली जातात, द-ध यांच्या जागची थ अशी, ब-भ यांच्या जागची फ अशी. शिवाय शब्दाच्या शेवटचा र हा न होतो, त्यामुळे न-ग-र असे लिहिलेले ‘नखोन’ असे ऐकू येते. एकाच उच्चाराला तीन-तीन अक्षरे कशाला, ही परदेशी विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार असते. थाईमध्ये पाच सूर आहेत, म्हणजे आवाजाच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो, आणि अक्षर कोणत्या गटातले आहे यावर सूर ठरतो, हे तिचे उत्तर. मागाहून भर घातलेली काही अक्षरे वगळली तर वर्गातले पहिले अक्षर मध्यम गटात, दुसरे उच्च गटात, आणि तिसरे, चौथे व अनुनासिक नीच गटात जाते. इतर लोक हे तक्ते महिनोन्‌महिने घोकतात. आपल्याला फक्त स्तंभ आठवायचा असतो. इतकेच काय, तेथे ळ देखील आहे. उच्चार ल असला तरी चुलालोंगकोर्न विद्यापीठाच्या नावात तो आजही लिहिला जातो.

हे सारे मी आमच्या कारखान्यातल्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांना समुत प्राकान ते सुखुमवित या रोजच्या गाडीप्रवासात अनेकदा समजावून सांगितले होते. ते मूळचे कोल्हापूरचे, वयाने मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. त्यांचे थाई बोलणे ऐटबाज होते, बाजारात ते माझ्यापेक्षा चांगली घासाघीस करीत, आणि वाचनाचा विषय निघाला की म्हणत, “अरे, वाचायला एजंट ठेवलाय की आपण.” पुढे आम्ही दोघांनी एकाच वर्षी कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. त्यासाठी सलग तीन वर्षे व्हिसाच्या वार्षिक मुदतवाढीवर तेथे राहिलेले असावे लागते, एका देशाच्या नागरिकांना वर्षाला १०० पेक्षा अधिक परवाने मिळत नाहीत, अर्ज घेण्याची मुदत वर्षातून एकदाच जाहीर होते आणि मुलाखत थाईतून होते. आमच्या दोघांचे कागद एकाच एजंटने तयार केले होते. मी माझे कागद घरी नेऊन अक्षर लावीत वाचले, तेव्हा साताऱ्यात ठणठणीत असलेले आणि दर रविवारी फोनवर मला पावसाची हकिकत सांगणारे माझे वडील त्यात दिवंगत झालेले आढळले. ते मी दुरुस्त करून घेतले, आणि काकांनाही त्यांचे कागद कोणाकडून तरी वाचून घ्या असे सुचवले. त्यांनी ते हसण्यावारी नेले आणि न वाचता सही केली. मुलाखतीत त्यांच्या शिक्षणाविषयी आणि हुद्द्याविषयी प्रश्न आले. त्यांनी अस्खलित थाईत खरी उत्तरे दिली, मात्र कागदावर भलतेच लिहिलेले होते. अर्ज परत आला, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा त्या भानगडीत पडले नाहीत. त्यानंतरही गाडीत ते चूक एजंटची असल्याचेच सांगत राहिले. चूक एजंटची होती हे खरेच आहे, परंतु सही काकांची होती.

परवाना मिळाल्याने दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवण्याचे बंधन सुटते आणि घराच्या निळ्या नोंदवहीत आपले नाव चढते. जमीन मात्र तरीही आपल्या नावावर होत नाही. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतल्या सगळ्या परदेशी मालकांचे फ्लॅट मिळून एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपेक्षा अधिक होता कामा नयेत. कामाचा परवाना वेगळाच लागतो. शुल्क म्हणाल तर अर्जासोबत ७,६०० बात (थाई चलन) आणि मंजुरीनंतर १,९१,४०० बात, थाई व्यक्तीशी विवाह झालेला असल्यास मंजुरीनंतरची रक्कम निम्मी. हे आकडे अर्जाच्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावेत.

महिन्यांचे विचाराल तर लिपी लवकर येते, कानाला मात्र वेळ लागतो. एक गोष्ट काकांच्या बाजूनेही नोंदवली पाहिजे: माझ्या पत्नीला थाईतले एक अक्षर वाचता येत नाही, तरीही शेजारणींशी बोलून तिचे सूर माझ्यापेक्षा शुद्ध झाले आहेत, आणि भाजीवाल्या बाई माझे वाक्य तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतात. तेव्हा बोलणे आधी आले तरी बिघडत नाही, आणि दोन-तीन वर्षांत परतायचे असेल तर लिपीवाचून तुमचे काही अडणारही नाही. तुम्ही मात्र कायमचे राहण्याविषयी विचारले आहे. काका आता निवृत्तांच्या व्हिसावर हुआ हिनला राहतात, त्यासाठी बँकेत आठ लाख बात ठेवतात, आणि दरवर्षी मुदतवाढीचे कागद सहीपूर्वी मला वाचायला पाठवतात.